उरलं किती

४ जानेवारी, रविवार

आज बेकन बर्गर खाल्ला. पहिल्यांदाच. कापूरव्होळच्या अलीकडे हायवेला जे नवीन काचेचं हॉटेल झालं आहे, तिथे. त्यांचे मेनूचे स्टिकर आमच्या दुकानात छापले, म्हणून मॅनेजरने आमच्या मालकांना, अण्णांना, कुपन दिलं. अण्णा म्हणाले, "डुकराचं असतंय म्हणं. बायकूला कळलं तर मला गोठ्यात हांथरून टाकंल. तू जा, सिद्धा. तू न्हाईतरी लिहितोसच."

लिहितो. मोबाईलवर, हॉटेलांबद्दल. हा एकशे सदतिसावा होईल. दुकानात दिवसभर दुसऱ्यांचे वाढदिवस आणि श्रद्धांजल्या टाईप करायच्या. एवढंच काय ते माझं. आधी वहीत कच्चं, मग मोबाईलवर पक्कं.

कच्चं: पाव लोण्यावर भाजलेला. खालचा अर्धा शेवटपर्यंत भिजला नाही (बहुतेक ठिकाणी भिजतो). चिकनची जाड टिक्की, आत रस. चीज जास्त, बाकीच्या चवी झाकतं. सॉस एका बाजूला. कांदा परतून गोड केलेला. बेकनच्या तीन पट्ट्या. कडा कुरकुरीत, मधे किंचित लवचिक. आधी मीठ, मग धूर, मग मागून थोडं गोड. धुराचा वास आईच्या चुलीवरच्या सुकटीसारखा. हे पक्क्यात लिहायचं का, ठरलं नाही.

काचेपलीकडे एक बाई तव्यावर पट्ट्या भाजत होत्या. चाळिशीच्या असतील. तव्याकडे बघतच नव्हत्या. मान कलती करून नुसतं ऐकत होत्या. चर्रर्र आवाज बारीक झाला की चिमट्याने उचलायच्या. मी विचारलं, बघत का नाही?

"बघून काय कळतंय? आवाज सांगतो."

"आणि चव?"

"म्या न्हाई खात, दादा." हसल्या.

नाव मंगल. मार्गासनीच्या. मी म्हणालो, फोटो काढतो. त्यांनी हात आडवा केला, "फोटो कशाला वो." लाजल्या असतील. काढला.

५ जानेवारी, सोमवार

माझ्या रिव्ह्यूचे पाच रकाने आहेत. कुठे, काय, कोणी केलं, कोणी खाल्लं, उरलं किती. पहिले दोन सगळेच लिहितात. पुढचे तीन आईचे. ती कुठे जेवून आली की विचारायची, "कुणी केलं व्हतं?" आणि मग, "उरलं किती?"

शेवटचा रकाना आजच्यासाठी सोपा. काही उरलं नाही.

६ जानेवारी, मंगळवार

चार वेळा दुरुस्त करून रिव्ह्यू टाकला. शेवटचं वाक्य: "या बर्गरची खरी चव मंगलताईंच्या कानात आहे." खूप वेळ विचार केला, जास्त होतं आहे का. ठेवलं. पाचपैकी पाच तारे. याआधी दोघांनाच दिले होते.

फोटो जोडला.

१० जानेवारी, शनिवार

स. ११ वाजता मॅनेजरचा अण्णांना फोन. फ्लेक्स हवा, आठ बाय चार. 'या महिन्याचा मान' म्हणून मंगलताईंचा फोटो आणि खाली माझं वाक्य. माझं! मॅनेजरला माहीत नव्हतं की लिहिणारा याच दुकानात बसतो. अण्णांनी सांगितल्यावर म्हणाले, मग फोटो पण त्याच्याकडूनच घ्या.

दुपारभर तेच काम. मोठा केल्यावर फोटोत बारीकसारीक दिसतं. कपाळावर घाम, तो पुसला. मागचं डस्टबिन काढलं. गळ्याभोवती एक बारीक फिकट रेघ होती, साखळीची असेल. ती पण साफ केली. रेघ काढायला सगळ्यात जास्त वेळ गेला, कातडीचा रंग जुळत नव्हता. शेवटी जुळला.

अण्णा मागे उभे राहून, "लेका, बाईची हिरॉईन केलीस."

मजकूर तीनदा तपासला. एकही चूक नाही.

१२ जानेवारी, सोमवार

फ्लेक्स लागला. सर्व्हिस रोडला, एसटी हळू होतात तिथेच. सं. सुटल्यावर सायकलवर गेलो आणि समोरच्या बाजूला उभा राहिलो. बसच्या खिडकीतून लोक वाचत होते. एक माणूस ओठ हलवून माझं वाक्य वाचत होता.

आई असती तर तिला आणून दाखवलं असतं. तिचं नाव कुठे लागलं नाही कधी. श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच केला होता, तोही दोन बाय तीनचा.

२० जानेवारी, मंगळवार

नीट लिहितो.

दुपारी मंगलताई दुकानात आल्या. साडी, डोक्यावर पदर. आधी ओळखलंच नाही. त्यांनीही मला ओळखलं नाही, मी आतल्या बाजूला कॉम्प्युटरवर होतो. अण्णांना म्हणाल्या, "त्यो हायवेचा बोर्ड तुमीच केला न्हवं? उतरवा की. पाया पडते."

अण्णा हसले. "आवो ताई, मान दिलाय तुमाला. लोक पैसं देऊन लावत्यात फोटो."

"मान न्हाई, गळफास झालाय."

मग सांगितलं. घरात त्या आणि सासरे, दोघंच. सासऱ्यांना सगळे तात्या म्हणतात, गावच्या भजनात वीणा त्यांच्याकडे. दोघांच्याही गळ्यात तुळशीची माळ. हॉटेलात भाज्या कापायचं काम आहे असं घरी सांगितलं होतं, आणि पहिले दोन महिने होतंही तसंच. मग तव्यावर घातलं. तेव्हापासून रोज सकाळी कामावर जाताना चेलाडी फाट्यावर माळ उतरवायच्या, संध्याकाळी तिथेच हातपाय धुऊन परत घालायच्या. तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. भोरला डोळे दाखवायला एसटीने निघाले, तर नव्या डोळ्यांनी पहिला वाचला तो हा फ्लेक्स.

"आज सहावा दिस. माझ्या हातचं पाणी बी घेत न्हाईत. सोताची भाकरी सोता थापत्यात. पंच्याहत्तरीचा माणूस, कदी परातीला हात लावला न्हाई. बोटं भाजल्यात."

अण्णा म्हणाले, "काम सोडा मग."

"सोडलं म्हंजी म्या चोरी केली असं व्हतंय. म्या चोरी न्हाई केली."

त्यांच्या गळ्यात माळ होती. माळेच्या कडेने ती फिकट रेघ. पुसल्यासारखी नाही, चांगली ठळक.

मी खाली बघून टाईप करत राहिलो. काय टाईप केलं, आठवत नाही.

२१ जानेवारी, बुधवार

झोप नाही.

आईला शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं तेव्हा मी सहावीत होतो. पहिल्या दिवशी तिने नवी साडी नेसली होती. आठवड्याभरात अर्धी मुलं घरून डबा आणू लागली. कुणी काही बोललं नाही. डबे आणले, एवढंच. सर म्हणाले, पालकांची मर्जी. मी तीन तीन वेळा वाढून घ्यायचो, पातेलं रिकामं दिसावं म्हणून. पोट दुखायचं. संध्याकाळी आई पातेलं घासायला घ्यायची, त्याआधी आत बघायची. उरलं किती.

चौथ्या महिन्यात तिने काम सोडलं. तिने पण चोरी केली नव्हती.

२२ जानेवारी, गुरुवार

मॅनेजरला फोन केला. आधी कागदावर लिहून घेतलं, तरी बोलताना अडकलो. ते म्हणाले, "तिचा सन्मान आहे. महिनाभर राहणार. सगळ्या शाखांमध्ये हीच पद्धत आहे. आणि तुम्हीच लिहिलं होतं ना?"

रिव्ह्यू काढून टाकला. आता परत एकशे छत्तीस. फ्लेक्स आहे तिथेच आहे.

२५ जानेवारी, रविवार

मार्गासनीला जाऊन आलो. ठरवलं होतं की तात्यांना सांगायचं, मंगलताईंनी बेकन कधी तोंडात घातलेलं नाही. मला माहीत आहे, मी विचारलं होतं. रविवारी मंगलताई कामावर असतात, म्हणून रविवार.

किकवीहून वडापच्या जीपने चेलाडी फाटा. तिथे हिराबाई पेरू विकतात. त्यांच्याकडेच माळ ठेवलेली असते, हे मंगलताईंच्या बोलण्यातून कळलं होतं. पेरू घेतले आणि विचारलं. त्यांनी आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू कोण रं? पेपरवाला?"

"नाही. ओळखीचा."

मग टोपलीखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत ओल्या फडक्यात तुळशीची पानं, त्यावर माळ. "रोज नवी पानं तीच आणती. मला हात लावू देत न्हाई, डबा तेवढा माझा. सांजच्याला मुंग्या लागल्यागत पळत येती, आदी त्या नळाला कोपरापातूर हात धुती. कवा कवा साबण माझाच." हसल्या. मग डबा परत टोपलीखाली सरकवला. "त्या बोर्डावर फोटू लावणाऱ्याच्या हाताला काय तरी व्हावं."

वेल्ह्याची एसटी पकडली.

तात्या ओट्यावर बसलेले. पांढरं धोतर, काळा चष्मा. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी. "कुनाचा तू?" किकवीचा म्हणालो. "आडनाव?" सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बाजूला सरकून ओट्यावर जागा केली.

मी पाठ केलेलं बोललो. त्या खात नाहीत, नुसतं भाजतात, आवाजावर.

तात्या म्हणाले, "ती खात न्हाई ते मला ठावं हाय. तेच्यावर माझं भांडण न्हाई."

मग चष्मा काढला आणि मान वर करून गळा दाखवला. माळ बोटाने बाजूला केली. खाली फिकट रेघ.

"ही बघ. माळ अंगावर ऱ्हायली की ही पडती. तिला माळ म्या घातली, माझा लेक गेला त्या साली. पंधरा वर्सं झाली. पयला तिचा फोटू बघितला तवा वाटलं, कामापुरती उतरवली आसंल. चालंल, पोटासाठी मानूस काय काय करतो. म्हनून परत येताना मुद्दाम उतरलो आन जवळ जाऊन बघितलं. गळा कोरा, पोरा. रेघ न्हाई. म्हंजी लई वर्सं झाली तिनं सोडून. घरात माझ्यापुढं तेवढी घालायची. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं न्हवं."

"घरी त्यांच्या गळ्यावर बघितलंत का?" एवढं विचारलं.

"सुनंच्या गळ्याकडं बघू व्हय रं?"

पेरूची पिशवी माझ्या हातातच राहिली. मी उठलो. ते म्हणाले, पाणी पिऊन जा. प्यालो. रांजणातून त्यांनी स्वतः काढून दिलं, चिंधीवाल्या बोटांनी.

एसटीत बसल्यावर आठवलं की मी काहीच सांगितलं नाही. आठवलं कसलं. माहीत होतं.

२६ जानेवारी, सोमवार

ती रेघ काढायला मला चाळीस मिनिटं लागली होती.

२७ जानेवारी, मंगळवार

मूळ फोटो मोबाईलमध्ये आहे. तो मी कधी पुसत नाही, सवय आहे. मोठा करून बघितला. रेघ आहे. घाम आहे. आणि आडवा हात आहे, अर्धवट. मी तो पण कापला होता, हे विसरलो होतो. लाजेने हात असा ताठ येत नाही.

त्या दिवशी हे दिसलं नाही का मला? सॉस कुठल्या बाजूला आहे ते दिसलं.

अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "आपन रोज तोंडं साफ करतो, सिद्धा. मेलेल्यांची बी करतो. कुनी कदी तक्रार घेऊन आलं न्हाई." चहा मागवला. माझा तसाच गार झाला.

२९ जानेवारी, गुरुवार

एकादशी. आज तरी तात्यांना भाकरी थापावी लागली नसेल.

३० जानेवारी, शुक्रवार

फोटोची प्रिंट काढली, आहे तशी. मंगळवारी मंगलताईंची सुट्टी. माझ्या सुट्टीचं अण्णांना विचारलं. "जा," म्हणाले. "आन मार खाल्लास तर गप खा."

१ फेब्रुवारी, रविवार

विहारात गेलो होतो. वंदना झाली तरी बसून राहिलो. भंतेंनी विचारलं, काही आहे का? नाही म्हणालो. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, म्हणताना आवाज निघाला नव्हता, ते त्यांना ऐकू गेलं असेल. न बोलणं हे पण खोटंच की.

३ फेब्रुवारी, मंगळवार

गेलो.

दोघंही घरी. मंगलताई अंगणात पेंढा रचत होत्या. आता त्यांनी ओळखलं. "तुमी त्या दिशी आलेलं बर्गरवालं दादा न्हवं?" चेहरा हसता होता. मी तात्यांपुढे ओट्यावर प्रिंट ठेवली आणि उभ्यानेच सांगितलं. रिव्ह्यू माझा. वाक्य माझं. फोटो माझा. रेघ मी पुसली. चार वाक्यांत संपलं. दोन आठवडे मनात होतं आणि बाहेर यायला एवढाच वेळ.

मंगलताईंच्या हातातली पेंढी तशीच राहिली.

"म्या हात आडवा केला व्हता."

"हो."

"नगं म्हनून केला व्हता. तुमाला वाटलं लाजते."

"हो."

"मग?"

त्या आत निघून गेल्या. भांडं आपटल्याचा आवाज आला.

तात्यांनी प्रिंट उन्हात धरली. चष्मा वर केला, खाली केला. कागदावर गळ्याच्या जागी बोट फिरवलं, रेघ हाताला लागेल असं. खूप वेळ. मी मोजत होतो, सवयीने, मग मोजणं बंद केलं.

"हाय," म्हणाले.

मग प्रिंट मांडीवर ठेवून, "पर रोज उतरवती हे तर खरंच. मला इचारलं असतं तर म्या काय म्हनलो असतो, मलाच ठावं न्हाई."

मी निघालो तर म्हणाले, "बस. जेव." स्वतः आत जाऊन ताट आणलं. भाकरी आणि मिरचीचा ठेचा. भाकरी त्यांनी केलेली. कडेने जाड, मधे काळी. माझ्यासमोर ठेवून समोरच बसले.

"तू चवीचं लिहितोस न्हवं? मग सांग. खरं सांग, साफ करू नगंस."

खाल्ली. म्हणालो, "करपली आहे. आत कच्ची. उकड नीट झाली नाही. मीठ नाही."

"अजून?"

"हाताला लागली असेल, बोटांचे ठसे आहेत."

तात्या हसले. मग हसता हसता तोंड फिरवलं. चष्म्याखालून पुसलं. "वीस दिस ही खातोय," म्हणाले, "आन एकाला बी इचारता आलं न्हाई, कशी झालीया." आत हाक मारली, "मंगल. पाव्हण्याला एक भाकरी दे."

आतून परातीत पाणी ओतल्याचा आवाज आला. मग थापण्याचा. तात्या मान कलती करून ऐकत होते, अगदी तसंच, आवाज बारीक होईपर्यंत. मला वाटतं त्यांना कळलं नाही की ते ऐकताहेत.

भाकरी आली. तांदळाची, फुगलेली, वाफ निघत होती. मंगलताईंनी ती माझ्याकडे न बघता ताटात ठेवली. तात्यांकडेही बघितलं नाही. उंबऱ्याच्या आत जाऊन उभ्या राहिल्या. गळ्यात माळ.

मी निम्मी खाल्ली. पुढे घास जाईना. भूक नव्हती असं नाही.

"कशी झालीया?" तात्यांनी विचारलं. आवाज मोठा होता, आतपर्यंत जाईल असा.

मला सांगता आलं नाही. एकशे छत्तीस ठिकाणांबद्दल लिहिलं मी.

एसटीचा हॉर्न झाला. वेल्ह्याहून परतीची, दुसरी संध्याकाळी. मंगलताई आतून म्हणाल्या, "गाडी जाईल तुमची." एवढंच. राग होता का, कळलं नाही. मी हात धुतले, पाया पडलो, तात्यांनी पाठीवर हात ठेवला. ताट ओट्यावर, दोघांच्या मधे होतं. पळत रस्त्याला गेलो. वळणावरून मागे बघितलं तर बाभळ आडवी आली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

फ्लेक्स अजून आहे. आणखी आठवडा. आज सायकलवरून जाताना मान खाली घातली.

सं. वही उघडून कच्चं लिहायला घेतलं. पक्कं करणार नाही. इथेच राहील.

कुठे: मार्गासनी, ओट्यावर.
काय: तांदळाची भाकरी.
कोणी केलं: मंगलताईंनी.
कोणी खाल्लं: मी.
उरलं किती: अर्धी. ती मग तात्यांनी खाल्ली का, दिसलं नाही.